काळीज द्यायला सरी म्हणाले

मी मूळची कराडकडची, लग्न झालं आन् मालकांच्या मागं चेन्नईला आले, ते चेन्नईजवळच्या आवडी गावात सरकारी कारखान्यात फिटर, मला तमिळ येत न्हाई, भाजीवालीशीबी बोटं दाखवून बोलायचं. तिथंच शुभांगी झाली. जन्मापास्नं पिवळी. लिव्हरातनं पित्त न्यायची नळीच धड न्हवती, एक ऑपरेशन झालं पर टिकलं न्हाई, वर्षाची झाली तर पोट हे असं फुगलेलं, हातापायाच्या काड्या.

काय सांगू तुम्हाला, तुम्ही डॉक्टरकी शिकताय म्हणून सांगते. मालक ड्युटीवर, मोठे डॉक्टर इंग्रजीत कायबाय बोलले, आन् तिथली नर्स, तंजावरच्या जुन्या मराठी घरातली, ती मला म्हणाली, अम्मा, तुमचं काळीज कापून पोरीस लावणार, रक्ताचा गट जुळतो, सरी म्हणता का? त्यांच्यात लिव्हरला काळीज म्हणतात, मला काय ठावं! आमच्यात काळीज म्हंजे हितं, छातीत धडधडतं ते. म्हणलं, मेले मी. आन् लगीच म्हणलं, सरी, म्हंजे बरं, चालंल.

दोन दिवस मालकांपाशी शब्द काढला न्हाई, रडतील म्हणून. त्यांना भात लावायला शिकवला, पोरीच्या औषधांच्या वेळा पाठ करून घेतल्या. मी जाणार आन् ती ऱ्हाणार, एवढं पक्कं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर तुमच्यासारखी पाच-सहा पोरं घेऊन आले, मी नर्सला इचारलं, माझं मढं गावाकडं धाडाल का हो? तिनं ते डॉक्टरांना सांगितलं. मग डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं, ती मराठीत सांगत गेली, लिव्हरचा डावीकडचा एवढासा तुकडा घेणार, तुमचं उरलेलं दोन-तीन महिन्यात वाढून भरतं, तिचा तुकडा तिच्यासंगं वाढणार. तुम्हालाबी धोका हाय, पर थोडा. पोरीचं मात्र खात्रीनं सांगता येत न्हाई, अंग तो तुकडा परका म्हणून झिडकारू शकतं, म्हणून जन्मभर गोळ्या, आन् त्या गोळ्यांनी साधा तापबी जड जातो. मी रडाय लागले, सगळ्यांना वाटलं आनंदानं. आनंद कसला, मला तवाच खरं भ्या वाटलं. मी जगणार, आन् ती गेली तर?

आता सहाची हाय, शाळेत जाते, माझ्याशीबी तमिळच बोलते. सकाळ-संध्याकाळ गोळी चुकत न्हाई, ताप हाय का बघाय तिच्या कपाळाला हात लावल्याबिगर मी कामाला लागत न्हाई, जरा गरम लागलं की तशीच उचलून दवाखान्यात नेते. ती वैतागते, पोदुम अम्मा, पुरे म्हणते. देवानं तिला अशीच वैतागत वैतागत म्हातारी करावी, ते बघायला मी नसले तरी चालंल.