वन्सं, बटण दाबा

नणंद : हे बघ, एक तर सर्व्हर रूममध्ये मला वन्सं म्हणू नकोस. घरी मी तुझी नणंद. इथे मॅडम.

भावजय : बरं. मॅडम, बटण दाबा.

नणंद : आणि मग?

भावजय : मग हातावर हात ठेवून बसायचं. वीसच्या वीस सर्व्हर उठतील आणि नेटवर्कवर हाक मारतील, 'मी कोण, मी काय करू?' माझा लॅपटॉप एकेकाला सांगेल, तू अमुक नंबरचा, हा तुझा पत्ता, हे सॉफ्टवेअर घे आणि बसव. पाऊण तासात सगळे तयार.

नणंद : मला एकाला दीड तास लागतो.

भावजय : म्हणजे विसांना तीस तास. हॉस्पिटलची नवी इमारत उद्या सकाळी नऊला सुरू होतेय, आणि आत्ता दुपारचे दोन वाजलेत. तुम्हीच बसवा हिशेब.

नणंद : अकरा वर्षं खिशात पेनड्राइव्ह घालून फिरतेय मी. एकेका सर्व्हरसमोर बसून, एकेका प्रश्नाचं उत्तर टाइप करून उभे केलेत सगळे.

भावजय : आणि मान धरून घरी आलात. तुमचा भाऊ सांगतो ना मला. परवा विचारत होता, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला वीसच सर्व्हर कसे पुरणार? मी म्हटलं, अरे, एकेकाच्या पोटात दहा-बारा मशीन नांदतात, दिसत नाहीत इतकंच. तर म्हणाला, म्हणजे भाडेकरू ठेवल्यासारखं!

नणंद : जन्मात पहिल्यांदा डोकं चालवलंन. तुझा फोन वाजतोय.

भावजय : माझा नाही, तुमचा. तुमच्या लेकीचा, सकाळपासून तिसरा. घ्या की.

नणंद : नको. येतेस का म्हणून विचारेल. बाळ वीस दिवसांचं झालं, सगळं कळतं मला. पण हे सोडून जाऊ कशी? माझ्याशिवाय कुणाला येतं इथलं?

भावजय : म्हणूनच म्हणते, दाबा.

नणंद : दाबलं! झालं समाधान?

(पंख्यांची घरघर एकदम वाढते.)

भावजय : हा बघा तिसरा उठला. अकरावा. सहावा... अहो, रांग लावून येताहेत!

नणंद : ओरडू नकोस. मोज.

भावजय : सतरा, अठरा, एकोणीस, वीस. झाले! आणि... एकवीस?

नणंद : एकवीस कसे असतील? नवे वीसच आहेत.

भावजय : एकविसाव्यानं हाक मारलीय. लॅपटॉपनं त्यालाही 'घे' म्हटलं.

नणंद : नंबर वाच त्याचा. शेवटचे आकडे.

भावजय : सात, चार, एफ.

नणंद : अगं, तो आपला म्हातारा! एक्स-रेचा सर्व्हर! सरक, बाजूला हो!

भावजय : कुठे चाललात? वन्सं!

नणंद : नेटवर्कची लाल केबल... हं. उपटली. आता त्याच्या स्क्रीनवर काय आहे ते वाच. मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

भावजय : 'डिस्क पुसण्यास सुरुवात होईल इतक्या सेकंदांत : दहा, नऊ, आठ...' आठावर थांबलंय.

नणंद : आठावर. बरं. श्वास घे.

भावजय : पण तो मुळात बंद कशाला पडला? आपण त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

नणंद : वीस जण एकदम उठवलेस. विजेनं हिसका खाल्ला, तो बंद पडला आणि उठल्या उठल्या नेटवर्कवर हाक मारायला लागला. जुनी खोड आहे ती त्याची.

भावजय : आणि मी जो हाक मारेल त्याला देत सुटले. यादीच केली नव्हती. त्याचा बॅकअप कधीचा आहे हो?

नणंद : रविवारचा.

भावजय : म्हणजे चार दिवसांचे एक्स-रे... कुणाकुणाचे असतील ते. मला बसू द्या जरा.

नणंद : बस. रडायचं असेल तर दोन मिनिटं रड, मग ती यादी लिही. आपले वीस नंबर. बाकी कुणी कितीही हाका मारल्या तरी गप्प राहायचं. आणि पुढच्या वेळी पाच-पाच उठवायचे.

भावजय : पुढच्या वेळी? तुम्ही परत पेनड्राइव्ह काढाल, असं वाटलं मला.

नणंद : कशाला? तिकडे बघ, बारा जण सॉफ्टवेअर बसवायलासुद्धा लागले. मला एवढ्यात एकाचा पासवर्डही टाकून झाला नसता.

भावजय : तुमच्या हातून असं कधी झालं नसतं.

नणंद : झालंय. सहा वर्षांपूर्वी चुकीच्या मशीनमध्ये पेनड्राइव्ह घातला आणि औषधांच्या साठ्याची अख्खी यादी पुसली. तीन दिवस कागदांवरून परत भरत बसले होते.

भावजय : कुणाला कळलं?

नणंद : आत्ता तुला कळलं. भावाला सांगितलंस तर बघ.

भावजय : म्हातारा उठला, वन्सं. त्याचे एक्स-रे सगळे जागच्या जागी आहेत.

नणंद : उठणारच. केबल आज लावू नकोस त्याला... नको, लाव, खाली डॉक्टर वाट बघत असतील. पण आधी यादी.

भावजय : यादी झाली. तपासा, मगच लावते.

नणंद : दाखव. हं, नीट आहे. लाव. आणि तो फोन दे इकडे, लेकीला लावते.

लेक : आई, आता परत 'सर्व्हर' म्हणणार असशील तर मी ठेवते.

नणंद : सर्व्हर होताहेत आपले आपण. तुझ्या मामीनं लावलेत कामाला.

लेक : मग येतेस?

नणंद : अगं, तुझ्याकडे सासूबाई आहेत, नणंद आहे, कामाला बाई आहे. सगळं सुरळीत चाललंय. मी येऊन करू काय?

लेक : काही नको करूस.

नणंद : काहीच नको?

लेक : इथे सगळे करतातच गं. बाळाला घेतात, मला झोप म्हणतात, उठले की पुढ्यात ताट ठेवतात. पण बोलायला कुणी नाही. आई, मला भीती वाटते, हे कुणाला सांगू मी?

भावजय : वन्सं, रजेचा अर्ज उघडलाय. किती दिवस लिहू?

नणंद : महिना लिही.

लेक : आई? आहेस ना?

नणंद : आहे गं. तू बोल.