आजोबांचा कोट

अपघात विभागात माझ्या मागच्या बाकावर शिडीवरून पडलेला एक रंगारी आणि नुसत्या बनियनवर बसलेले आजोबा बोलत होते.

"कधीचा बसलायस रे?"

"सकाळपासून. हात मोडलाय, तरी सिस्टर म्हणतात थांब. आणि तो कोटवाला साहेब बघा, आला नि थेट आत!"

"साहेब कसला? गवंडी आहे तो. कोट माझा."

"तुमचा?"

"त्याचं डोकं फुटलेलं, पण कुणी ढुंकून बघेना. म्हटलं, घाल हा. घातला मात्र, स्ट्रेचर धावतच आलं. त्याआधी भाजीवाल्या मावशींना दिला होता."

"बाईमाणसाला कोट?"

"सिस्टर म्हणाल्या, या मॅडम!"

"आजोबा, मग आता मला द्या की."

"तो बाहेर आला की देतो. मोडका हात बाहीत आधी घाल, म्हणजे दुखणार नाही."

"देवासारखे भेटलात. पण तुम्ही कशासाठी आलाय?"

"छातीत कळा येतायत."

"अहो, मग सिस्टरना सांगा ना!"

"सांगितलं की. म्हणाल्या, ए बाबा, गप बस तिकडे. आधी त्या कोटवाल्या साहेबांचं बघू दे."