जावयाची मरळ

हॅलो? … हो, बोल प्राजू. … तळ्यावरच हाओ अजून. … अवं, मोठ्यानं बोल! फोन खांद्यात दाबून धरला, दोन्ही हातात गळाची काठी हाय.

मासा? आनतो ना! मसाला वाटला काय? … वाट, वाट. … केवढा म्हंजे? हातभर मरळ! … मीच धरली, मंग कोन? गौरांग वकील अन् सुगत सर पाह्यतच राह्यले.

कोन आलं? … मामाजी? अकोल्याहून? … वा! मंग तं सांगच त्यायले. सहा वर्षं झाले लग्नाले, तुया बाबानं मले एकदाबी कामाचा मानूस म्हटलं नाही. पाहू दे आज, जावई काय चीज हाय थे!

काय? … रिद्धपूरले जाऊन महानुभावांचा उपदेश घेतला? कधी? … म्हंजे मासा-मटन कायमचं बंद? … अन् तू मरळीचं सांगतलं त्यायले? … नाही ना? हुश्श! बाप्पा!

हो, हो… अवं ऐक ना. मासा नाहीच हाय. … नाही म्हंजे नाही! सकाळपासून एकबी नाही लागला. … हासून नोको राहू.

अवं, हा आपला गांडुळाचा गळ नोय. पिसं अन् दोऱ्याची खोटी माशी बांधा लागते. हवेत दोरी फिरवून थे माशी पाण्यावर अलगद ठेवा लागते. गौरांगची माशी उडत आल्यावानी बसते. माही? पयले बाभळीत, मंग सुगत सरच्या टोपीत, मंग माह्याच कानात! … रगत? थोडंसंच. … थे दोघं धरतेत, पाह्यतेत, अन् परत पाण्यात सोडून देतेत. लाज वाटली मले, खरंच. यूट्यूब पाहून मीच त्यायले शिकवाले निघालो होतो!

थांब… थांब थांब. अवं, हे तं चांगलंच झालं! मामाजीले फोन दे. … काहून म्हंजे? दे म्हनतो ना!

दंडवत प्रणाम, मामाजी! … हो, तळ्यावरच. … छे छे, एकबी नाही मारला! दिवसभर पाण्याकाठी उभा हाओ, पन माह्या हातून एका जिवाले धक्का नाही लागला. … मनच होत नाही, मामाजी. … काय म्हनता? … परत म्हना जरा. … गुनाचा जावई? मी? … मामाजी, भरून आलं मले. खरं सांगतो.

उद्या? रिद्धपूरले? तुमच्यासंगं? … येतो ना! … उपदेश? … घेऊन टाकू, त्यात काय! मासा सोडनं काय मोठी गोष्ट हाय? आजपासूनच…

आं? … थांबा जरा… दोरी तानून राह्यली… लागला! गौरांग, लागला रे लागला! सर, जाळी आना, जाळी! मरळ हाय, मरळ! आता सोडतो काय मी इले!

हॅलो? … मामाजी? … अजी, तुमाले नाही म्हटलं… आमी सोडूनच देतो ना पाण्यात… मामाजी?

प्राजू? … कुठं गेले? … पायात चपला घालून राह्यले? … अवं, अडव त्यायले! थांब, हे पाय… हे सोडली. सोडली ना मरळ! आईशप्पथ, गेली थे! गौरांगले विचार पायजे तं… आयुष्यातली पयली होती वं माही…

हॅलो? … हॅलो?