सायलेन्सरात घासनी

...आता तुमीच सांगा, गाडी आवाज नाई करन तं काय पाळना म्हनन? सायलेन्सरच्या बुडाले गंजून भोक पडलं, त्यात माझा काय गुन्हा? पन वरच्या क्वार्टरातल्या दौलतरावाले तरास! ज्या मानसानं भिलाई-तीनच्या रेल्वे यार्डात सारी उमर डिझेल इंजिनाच्या बाजूले काढली, तो दौलतराव सकाळी सकाळी येते, जय भीम करते, चाय पेते, न कप खाली ठेवून माझ्या कानाशी बोंबलते, "धोंडबाजी, तुमची गाडी तलावाजवळ आली का आमचा नातू पाळन्यात दचकते." म्हटलं, ठीक आहे. मले काई फरक नाई पडत.

तुमाले सांगतो, खरंच नाई पडत, कारन मले तो आवाज आवाजच वाटत नाई. जिंदगी स्टील प्लांटच्या मिलमध्ये, लोखंडाच्या खडखडाटात गेली, तिथं मानूस कानाशी बोंबलला तरी कुजबुजल्यावानी वाटे, मंग घरचं बोलनं म्हंजे निस्ते ओठ हालताना दिसते. शेवंता, माझी बायको, काई म्हनते, मी मान हालवतो... कधी हो ची, कधी नाई ची, नेम नाई. अशानंच एकदा तिच्या भावाले आमच्याकडेच राहा म्हनून बसलो, तो पावसाळाभर राह्यला. संसार चालला ना पन?

तं पोरगा पियूष कानात वरडून म्हनते, "पापा, नया लगवा लो ना, टेंशन खतम." नवा? जो मानूस अख्खी मिल चालू ठेवत होता तो एका नळीसाठी मेकॅनिकच्या दारी जाईन? घरीच करतो म्हटलं. आंगनात बसलो न बोंबललो, शेवंता, घासनी आन! भांडे घासाची तारेची घासनी, ती सायलेन्सरच्या तोंडात कोंबली, किक मारली... गाडी खोकलली, ठसकली, न घासनी सुटली ती सिद्दी दौलतरावाच्या जिन्यात! दुसरी आन म्हटलं. दुसरी सळीनं ठोकून बसवली तं गाडीचा दमच कोंडला, चालूच होयेना. तिसरी आन म्हटलं तवा शेवंता काईतरी बोलली, बरंच बोलली, मी मान हालवली. शेवटी तेलाच्या पिप्याचा पत्रा कापला, भोकावर ग्लासवूल गुंडाळलं, वरून पत्रा, वरून दोन क्लॅम्प आवळले. सून खुशबू कानाशी येऊन जोरानं म्हने, "पापाजी, अब तो पता ही नहीं चलता, चालू है के बंद." मले काई फरक नाई पडला, मले अगोदरबी पता चलत नवता.

पन त्याच संध्याकाळी भाजी घेऊन आलो, गाडी लावली, दाराशी पोचतो तं अंदरून आवाज आला. माझा! मी बाहेर न माझा आवाज अंदर! "शेवंता, घासनी आन!" खिडकीतून पाह्यतो तं बायको मधात उभी, कमरेवर हात, मान एका बाजूले टाकलेली, न तिच्या तोंडून मीच बोलून राहिलो. "अख्खी मिल चालवली म्या, तुया भावानं चालवली का?" न मंग मान हालवली, हो ची का नाई ची समजू नये अशी. हुबेहूब, सांगतो तुमाले. पियूष लोटपोट, खुशबूचं तोंड पदरात, न दौलतराव, हो, हाच दौलतराव, खुर्चीतून घसरलेला. न शेवंता हासून राहिली होती. तिचं हासनं मले शेवटचं कधी ऐकू आलं, आठवत नाई. न तिचं बोलनं आजच कावून ऐकू आलं, तं ती माझ्या आवाजात बोलत होती. तेवढाच आवाज मले पोचते.

मंग डोक्यात उजेड पडला. रोज गाडी तलावापाशी फटफटली का या घरच्यायले इशारा भेटे, न मी घरात येईपरेंत टीव्ही लागलेला, सारे गुपचूप. मले वाटे, वा, काय शिस्त आहे आपल्या घराले! न इशारा बंद कर म्हनून सांगाले आला कोन, तं दौलतराव. पाहा अक्कल.

अंदर गेलो. पियूषनं मोबाइल उचलला, खुशबू सैपाकखोलीत, दौलतराव चलतो म्हनून उठला. शेवंता काईतरी बोलली, चायचं असन. मी मान हालवली.

रागावलो का? नाई जी. रागवाले अंदर काईतरी हालाव लागते. मले काई फरक नाई पडत. आता रोज बिनआवाजानं येतो, खिडकीखाली उभा राह्यतो, सारा खेळ ऐकतो, न मंग गाडी ढकलत कोपऱ्यापरेंत नेतो न तिथून हॉर्न वाजवत येतो. त्यायले टीव्ही लावाले वेळ पाह्यजे ना.

फक्त काल तिनं तो घासनीवाला केलाच नाई. निस्ता मिलवाला केला न बसली खाली. मी आपला भाजीची थैली घेऊन वाट पाहून राहिलो, आता करन, मंग करन... आता तिले आठवन करून द्याव तं कशी देऊ, तुमीच सांगा?