दोरी मी एकदाच ओढली

वेळ दुपारचे चार वाजून दहा मिनिटं, स्थळ इटलीतल्या एका डोंगरावरच्या जुन्या गावातलं तिसरं चर्च, आणि दोरी मी एकदाच ओढली. हे आधी नोंदवून घ्या, कारण आमच्याच घरात भलती बातमी फिरतेय. पस्तीस वर्षं पुण्यात क्राइम रिपोर्टर होतो मी, मोजण्यात चुकत नाही.

तुम्हाला सांगतो, मला जायचंच नव्हतं. लेकीकडे इथे सिंगापुरात, आंग मो किओला आलो होतो, छान चाललं होतं, सकाळी हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, कॉफी, संध्याकाळी जावयाशी वाद... तर मैत्रेयी म्हणते, "बाबा, अनघाला जूनची सुट्टी आहे, इटलीला जाऊ, गाइडेड वॉक बुक केलाय." वॉक कसला? आठशे वर्षांपूर्वीच्या पायऱ्या, आणि इथल्या डॉक्टरने मला परतल्यानंतरच्या मंगळवारची तारीख दिलेली, अँजिओग्राफीची. पुढे ती गाइड, डोनाटेला, लाल छत्री उंच धरून उलटी चालते आणि दर दारापाशी थांबून सांगते, इथे कोण कसा मेला. पहिल्या चर्चात प्लेग. दुसऱ्यात काचेच्या पेटीत संताची कवटी, ती माझ्याकडेच बघत होती. शुभा, म्हणजे आमची ही, म्हणते, "हात जोडा." जोडले.

तिसऱ्या चर्चात शिरलो. अंधार, गारठा आणि दाराशीच वरून लोंबणारी दोरी. आता मला सांगा, देवाच्या दारात शिरताना आपण काय करतो? हात आपोआप वर गेला. नात अनघा इथल्या पोरांसारखी शेवटी 'ला' लावून म्हणतेय, "आजोबा, डोन्ट पुल ला," पण तोवर... एकदाच ओढली हो. वर ढण्ण झालं. मी दोन्ही हात जोडले, म्हणजे दोन्ही माझ्याच छातीशी, आणि वर पुन्हा ढण्ण. आणि पुन्हा.

डोनाटेलाची छत्री खाली आली. बाहेर खिडक्या उघडल्या, पीठ माखलेल्या हातांनी पाववाला धावत आला, काळ्या कपड्यांतल्या चार म्हाताऱ्या आल्या, सगळे एकच विचारतायत. डोनाटेला म्हणाली, "कोण गेलं, असं विचारतात. ही घंटा कुणी गेलं तरच वाजते. बाईला दोन टोल, पुरुषाला तीन."

जरा पाणी द्या.

मी विचारलं, "एका ओढीत तीन वाजतात का?"
"नाही. एका ओढीला एक."
"मग वर कोण आहे?"
"कुणी नाही. जिन्याला कुलूप आहे. किल्ली पाद्रीबाबांकडे, आणि ते आज परगावी."

तेवढ्यात सगळ्यात थकलेली म्हातारी आमच्यातल्या एकेका पुरुषाला न्याहाळत आली. जावयाला सोडलं. दोन ऑस्ट्रेलियन होते, त्यांना सोडलं. माझ्यापुढे थांबली, गालावरून हात फिरवला आणि हातात मेणबत्ती दिली.

शुभा म्हणते, "अहो, दंगलीत फिरलात आणि घंटेला घाबरता?" अगं, दंगलीत माझं नाव कुणी पुकारलं नव्हतं. जावई रुचिर चांगीला बँकेतले कॉम्प्युटर सांभाळतो, तो म्हणतो, "बाबा, घंटेला झोका बसला असेल." बरं. मग त्या झोक्याला माझा मंगळवार कसा कळला?

परत आलो, तर बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेक म्हणतात इथे, कुणा चिनी आजोबांच्या अंत्यविधीचा मांडव. पांढरी फुलं, हार घातलेला फोटो. मी टॅक्सीतून उतरेचना. शेवटी नातीने हात धरला, "नॉट यू ला, आजोबा." आधी फोटो नीट बघून आली होती ती, म्हणजे बघा.

उद्या मंगळवार. मेणबत्ती शुभा लावत नाही आणि टाकूही देत नाही, फ्रिजवर ठेवलीय. पाद्रीबाबांना मी रीतसर मेल केली, एक टोल मला मान्य, उरलेले दोन कोणी दिले ते कळवावं. उत्तर नाही. दुसरी केली. उत्तर नाही. तिसरी लिहून तयार आहे, पण पाठवत नाही. तीन नकोत. एकूण टोल तीन, मी ओढलेला एक, आणि बाकीच्या दोहोंबद्दल आजपर्यंत कुणीही तोंड उघडलेलं नाही.