एका खणात सत्तेचाळीस बाळं

खोटं बोललात तुम्ही! होय, तुम्हीच! पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'अगदी नवशिक्यांसाठी' असं लिहिणारे जे कुणी असाल ते! नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, नाहीतर आमच्या किट्वे शहरातून चालत आले असते तुमच्या दारात… आणि मंडळी, तुम्ही हसू नका!

तुम्हाला सांगते, चूक माझी एकच. मी हात वर केला. आमच्या वस्तीच्या दवाखान्यात मीटिंग होती. पलीकडच्या वस्तीत गोवर निघालेला आणि आमच्याकडं दोनशे बारा बाळांचा दुसरा डोस राहिलेला. सिस्टर लुबिंडा म्हणाल्या, "सगळ्या आयांना मेसेज गेला पाहिजे. तो कम्प्युटर तीन वर्षं झाकून ठेवलाय, कुणी चालवेल का?" तर कुणीतरी म्हणालं, "राजधानीहून माणूस मागवू." झालं! माझ्या डोक्यात तिडीक! आपल्या बाळांसाठी राजधानीहून माणूस? आपण काय बघत बसायचं? कॉलेजात मी याच्यावर भाषणं ठोकलीयत हो! उभी राहिले आणि म्हणाले, "मी प्रोग्राम लिहीन!" टाळ्या पडल्या. मायो! टाळ्या संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मला प्रोग्रामिंग येत नाही.

पण त्यात काय एवढं? शिकू की! फोनवर शोधलं तर इतके धडे, इतके धडे, की गोवर बरा! आणि सगळे अगदी नवशिक्यांसाठी, म्हणे!

पहिला व्हिडिओ. हसरा माणूस. "नमस्कार दोस्तांनो, आज आपण शून्यापासून सुरुवात करणार! तर तुमच्या दोन स्क्रीनपैकी डाव्या स्क्रीनवर…" दोन? माझ्याकडं एक आहे, तीही फुटकी, आणि तिच्यातच तुम्ही आहात, दादा! सहाव्या मिनिटाला म्हणतो, "हे तर तुम्हाला माहीतच असेल." नाही हो! माहीत असतं तर कशाला आले असते? तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडं वीज सकाळी चार तास, त्यातले दोन तास त्याच्या हसण्यात गेलेले.

मग कॉलेजच्या ग्रुपवर विचारलं, कुठून सुरुवात करू? पाच जणांनी सात भाषा सांगितल्या. एक म्हणतो, "हीच शीक, बाकी कचरा." दुसरा म्हणतो, "ती? ती मेली की गं गेल्या वर्षी!" तिसरा म्हणतो, "आधी गणित पक्कं कर, मग बोलू." आणि माझी मैत्रीण चिलेशे, तिनं नुसता प्रार्थना करणाऱ्या हातांचा फोटो पाठवला. खरं सांगू? त्यातल्या त्यात तोच उपयोगी पडला.

शेवटी बाजारातल्या इंटरनेटवाल्या बा न्गोसांकडं गेले, मोठ्या माणसाला आमच्याकडं 'बा' म्हणतात. त्यांनी पेनड्राइव्ह काढला, जणू जडीबुटीच. "यात चारशे पुस्तकं आहेत, बाई. इंजिनिअर होऊन बाहेर पडशील." दवाखान्यातल्या कम्प्युटरवर पहिलं पुस्तक उघडलं. पहिली ओळ: 'वाचकाला थोडंफार प्रोग्रामिंग येतं असं आम्ही धरून चाललो आहोत.' आणि नाव काय पुस्तकाचं? अगदी नवशिक्यांसाठी, म्हणे!

पण त्या चारशेत एक बारकं पुस्तक निघालं, फोनच्या वहीचं. मित्रांची नावं, त्यांचे नंबर, आणि ठरल्या दिवशी आपोआप मेसेज. मी उडालेच! मला हेच तर हवं होतं! मित्रांच्या जागी बाळं घालायची, वाढदिवसाच्या जागी लस. पुस्तक म्हणत होतं, 'प्रत्येक माणसाचा फोन नंबर वेगळा असतो, म्हणून नंबर हेच खणाचं नाव ठेवा आणि माणसाला त्या खणात टाका.' किती सुंदर! किती सोपं! आठ दिवस रोज ते चार तास दवाखान्यात बसून सिस्टरच्या हिरव्या वहीतलं एकेक बाळ टाइप केलं. सातवा धडा झाला, आठवा पेनड्राइव्हवर नव्हता, एकदम नववा. म्हटलं, असू दे. एका धड्यानं काय मोठं बिघडणार?

मंगळवारी सिस्टर मागं येऊन उभ्या राहिल्या. मी ऐटीत बटण दाबलं. यंत्र म्हणालं: एकूण बाळं, त्र्याऐंशी.

त्र्याऐंशी!

सिस्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो! त्यांनी चष्मा लावला आणि यादीवरून बोट खाली खाली नेलं. एका ठिकाणी बोट थांबलं. "कसोंदे, हा धाकटा मपुंदू."

"हो सिस्टर."

"थोरला कुठाय?"

आमच्याकडं मपुंदू म्हणजे जुळं. एकटा मपुंदू असत नाही, मंडळी. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "दोनशे बाराच्या दोनशे बारा बाळं मी माझ्या हातांनी काट्याला टांगून तोललीत. एकशे एकोणतीस बाळं कुठं ठेवलीस?" आणि त्या वेळी, देवाशप्पथ, मी टेबलाखाली वाकून बघितलं!

मग वहीतले नंबर बघितले. जुळ्यांच्या आईचा नंबर कुणाचा? बा कपेम्ब्वांचा! तिच्या वरच्या बाईचा? बा कपेम्ब्वांचा! त्याच्या वरचा? तोच! कपेम्ब्वा म्हणजे आमच्या गल्लीचे कोळसेवाले, साठीचे, बिनलग्नाचे. त्यांच्या फोनची बॅटरी सोलर पॅनेलवर कायम भरलेली, म्हणून अख्खी गल्ली दवाखान्यात, शाळेत, चर्चमध्ये त्यांचाच नंबर देते. मेसेज आला की ते दुकानातून हाळी देतात. माझ्या आईनंसुद्धा तोच दिलाय! हे मला माहीत होतं हो, जन्मापासून माहीत होतं! पण पुस्तकात छापलेलं वाचलं आणि स्वतःची गल्ली विसरले. खण एक, बाळं सत्तेचाळीस. नवीन आत टाकलं की आधीचं गुपचूप बाहेर, यंत्र 'हूं' की 'चूं' करत नाही. थोरल्या मपुंदूला त्याच्या सख्ख्या भावानं बाहेर ढकललं आणि वर बटण माझं! दुसऱ्या गल्ल्यांतले असेच दोन-तीन कपेम्ब्वा धरले तर हिशेब बरोबर एकशे एकोणतीस! त्या दिवशी कापेंट्याच्या सुक्या मासळीचा वाससुद्धा सोसेना, एनशिमाचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. सारखं वाटे, ते पोर तापानं फणफणलंय आणि मला विचारतंय, ताई, माझा खण कुठला? अगदी नवशिक्यांसाठी, म्हणे!

बुधवारी सिस्टरच म्हणाल्या, "अगं, प्रत्येक बाळाच्या कार्डावर नंबर असतो. तो प्रत्येकाचा वेगळा असतो. तो नाही का चालणार?" मंडळी, चारशे पुस्तकं एका बाजूला आणि ही बाई एका बाजूला! खणाचं नाव बदललं, सिस्टरनी वाचलं आणि मी हरवलेली बाळं परत टाइप केली. दोनशे बारा. दोन्ही मपुंदू, शेजारी शेजारी. मी रडले, बटण दाबलं, मेसेज गेले.

आणि गेल्यावर वाचला. 'प्रिय आई, तुमच्या बाळाचा गोवराचा डोस राहिला आहे. गुरुवारी सकाळी बाळाला घेऊन या.' कुठलं बाळ? नाव कुठाय? मेसेजात नाव कसं घालायचं, हे आठव्या धड्यात होतं!

म्हणजे बा कपेम्ब्वांना सत्तेचाळीस मेसेज, सगळे एकसारखे, एकातही नाव नाही. आता ते हाळी कुणाच्या नावानं देणार? मी धावत त्यांच्या दुकानी गेले. दुकान बंद. फोन केला. नुसता वाजत राहिला, वाजणारच, माझेच मेसेज वाचत बसले असतील ना!

गुरुवार. सकाळी लशीचा डबा उघडलेला, दुसऱ्या गल्ल्यांतल्या बायका रांगेत, आणि आमच्या गल्लीचा बाक रिकामा. आठ वाजले. नऊ वाजले. सिस्टर माझ्याकडं बघत नव्हत्या, हे सगळ्यात भयंकर. थोरला मपुंदू माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी मनात राजधानीच्या त्या माणसाची माफी मागितली…

आणि कोपऱ्यावरून आवाज आला. बायकांचा, पोरांचा, रडण्याचा, हसण्याचा. अख्खी गल्ली! ज्यांचे डोस झालेले तेही, शाळेत जाणारेसुद्धा, एक तर दाढी फुटलेला! आणि पुढं बा कपेम्ब्वा, कोळशानं काळे, एका खांद्यावर धाकटा मपुंदू, दुसऱ्या खांद्यावर थोरला. नाव नाही म्हटल्यावर त्यांनी दार न् दार ठोठावून जे पोर दिसेल ते उचलायला लावलं होतं.

सिस्टर म्हणाल्या, "बा कपेम्ब्वा, तुम्ही बाजूला बसा हो, रांग आयांची आहे."

त्यांनी फोन सिस्टरच्या नाकासमोर धरला. "यात मलाच आई म्हटलंय, सत्तेचाळीस वेळा. तेव्हा बाळ कसं धरायचं, सुई कुठं टोचायची, सगळं सावकाश सांगा, सिस्टर. मी अगदी नवशिका आहे."