चंपतराव, बी. व्ही.

चंपतराव : मंग दाबू का आता? 'इम्पोर्ट' लिहून हाये इथं.

नंदिनी : थांबा बाबा, हात नका लावू! आधी फाईल तर निवडू द्या. मागच्या वेळी तुम्ही दाबलं आणि जगातल्या सगळ्या तेलांवरचं संशोधन आपल्या घरी उतरलं. पेट्रोलसकट.

चंपतराव : मले काय माहीत? सासऱ्यानं सुनेले मदत करू नये का? बरं, आता काय करून राहिली तू?

नंदिनी : हा डेटाबेस. दुनियेतल्या शोधनिबंधांचं गोदाम समजा. त्यात मी 'जवसाचं तेल, खवटपणा, आवळा' असं शोधलं. जे निघालं त्याची फाईल उतरवून घेतली. आता ती या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओतायची. मग लेखक कोण, साल कोणतं, मासिक कोणतं, हे सगळं तेच जागच्या जागी लावून देते. प्रबंध लिहिताना एक बटण दाबलं की संदर्भ तयार.

चंपतराव : म्हणजे पीएचडी तर हेच करून राहिलं. तू काय करते?

नंदिनी : मी घाबरते बाबा. चार वाजता सरांचा फोन येणार. ते म्हणाले, जवसात आवळकाठी, म्हणजे वाळलेला आवळा, टाकली तर तेल खवट होत नाही, यावर आधी कोणी काम केलेलं नाही हे मला दाखव, मग विषय पक्का. केलेलं असेल तर विषय बदल. दीड वर्ष पाण्यात!

चंपतराव : कोण करन हे? हे तर आपल्या घरचं. तुझी सासू जवसाच्या चटणीत आवळकाठी टाकते, चटणी वर्षभर टिकते. दुनियेले काय माहीत प्रताप नगरातल्या डब्यात काय हाये?

नंदिनी : म्हणून तर! लग्न होऊन आले आणि आईंनी पहिल्याच आठवड्यात तो डबा माझ्यासमोर ठेवला. तिथंच मला विषय सापडला. चला, दाबा आता. तुमच्याच हातानं होऊ द्या.

चंपतराव : दाबलं! अरे बाप्पा! पाय, पाय, कसे उतरून राहिले! बाजाराच्या दिवशी एसटीतून लोक उतरतात तसे! हा कोण?

नंदिनी : कॅनडाचा आहे. नुसता जवस, आवळा नाही. हा ब्राझीलचा, तोही नुसता जवस. हा आवळ्याचा, पण केसांच्या तेलावर. मस्त! बाबा, मोकळं आहे मैदान! पुढं... पुढं...

चंपतराव : काय झालं? पेट्रोल आलं का पुन्हा?

नंदिनी : 'जवसाच्या तेलाच्या टिकाऊपणावर वाळलेल्या आवळ्याचा परिणाम.' एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. केलं बाबा. कोणीतरी माझा विषय करून ठेवला. माझ्या जन्माच्या आधी!

चंपतराव : कोण बे तो बदमाश? नाव वाच त्याचं.

नंदिनी : चंपतराव, बी. व्ही.

चंपतराव : मी?

नंदिनी : तुम्ही वीज मंडळात मीटर वाचत होते बाबा.

चंपतराव : मीटर वाचता वाचता माणूस काय काय करून जाते, त्याले का ध्यान राहते? अन् बी म्हणजे भोयर. बरोबर तर हाये.

नंदिनी : आणि व्ही?

चंपतराव : विदर्भ.

नंदिनी : बाबा, माझा जीव चालला आहे! खाली अजून आहेत. चंपतराव बी. व्ही., एकोणीसशे नव्वद. पत्ता तर नागपूरचाच दिसते. कोण असेल हा माणूस?

चंपतराव : तू पाय, मी एक फोन करतो. हॅलो, आनंदराव? सदरच्या फ्लेक्सच्या दुकानातच हायेस ना? उभा असशीन तर बस. मी शास्त्रज्ञ निघालो गा! मजाक नाही, कॉम्प्युटरवर आलं. कॅनडावाल्याच्या खालीच माझं नाव हाये. जवसावर. काय म्हणतं? फ्लेक्स? आता नोको... बरं, काढून राहिलाच तर मोठा काढ. फोटो? चष्म्याचा घे.

नंदिनी : बाबा, फोन ठेवा आणि हे पाहा. आणखी एक आला. 'जवसाच्या तेलाचा खवटपणा : प्राथमिक निरीक्षणे.' एकोणीसशे ब्याऐंशी. लेखक, धोंडबा, टी. व्ही.

चंपतराव : धोंडबा? धोंडबा तर माझा सासरा! कळमेश्वरचा. पण तो अंगठा लावत होता.

नंदिनी : आधी सासरा, मग जावई? दोघंही जवसावर?

चंपतराव : खानदानी काम हाये.

वच्छला : काय गोंधळ चालू आहे? गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जाते तुमचा. चहा घ्या. नंदिनी, चेहरा काहून असा झाला तुझा?

चंपतराव : वच्छला! तुझा बाप शास्त्रज्ञ होता, अन् तू मले एका शब्दानं बोलली नाही?

वच्छला : माझे बाबा? त्यांना बैलाच्या पुढं काही दिसत नव्हतं.

नंदिनी : आई, माझा विषय गेला. या धोंडबांनी ब्याऐंशीतच सुरू केलेला दिसते. हे बघा, 'जवसाच्या तेलाचा खवटपणा : प्राथमिक निरीक्षणे.'

वच्छला : 'काही प्राथमिक निरीक्षणे'. संपादकांनी 'काही' काढून टाकलं. मी पत्र लिहून भांडले होते.

(आत कुकरची शिट्टी होते.)

नंदिनी : आई... तुम्ही?

वच्छला : आम्ही नाव असंच लिहायचो. आधी आडनाव, मग आपलं, मग बापाचं. ठवकर वच्छला धोंडबा. लग्न झालं, भोयर वच्छला चंपतराव.

नंदिनी : आणि या सॉफ्टवेअरनं शेवटचा शब्द आडनाव समजला! म्हणून धोंडबा! म्हणून चंपतराव! बाकीच्या नावांचं नुसतं एकेक अक्षर उरलं. बाबा, व्ही म्हणजे विदर्भ नाही!

वच्छला : व्ही म्हणजे मी.

चंपतराव : पण तू कॉलेजात पोट्ट्यांले शिकवत होती, एवढंच मले माहीत. हे कधी सांगतलं नाही तू?

वच्छला : सांगितलं होतं. मासिक आलं तेव्हा तुमच्या हातात दिलं. तुम्ही विचारलं, याचं काही भेटते का? मी म्हटलं, नाही. मग तुम्ही जेवायला बसले.

चंपतराव : मंग?

वच्छला : ताटात जवसाची चटणी होती. मस्त झाली म्हणाले.

नंदिनी : आई, मग सोडून काहून दिलं?

वच्छला : नोकरी सोडली. तुझा रोहित झाला, त्याला ठेवायला कोणी नव्हतं. प्रयोग कुठं सोडला? दरवर्षी आवळकाठीचं प्रमाण थोडं थोडं बदलून पाहत आले. हे खात आले.

चंपतराव : म्हणजे इतकी वर्षं मी तुझा उंदीर होतो?

वच्छला : उंदीर कुरकुर करतात. तुमचं तसं नव्हतं.

नंदिनी : बाबा, हसू नका, मलाही हसू येते! पण आई, चार वाजत आले. सरांना काय सांगू? विषय तर झालेलाच निघाला.

वच्छला : शीर्षक वाचून घाबरलीस, आतलं वाचलंस का? उघड तो अठ्ठ्याऐंशीचा. शेवटचा परिच्छेद वाच.

नंदिनी : थांबा... 'प्रस्तुत अभ्यास तीन महिन्यांपुरता मर्यादित आहे. वर्षभराच्या साठवणीत आवळ्याचा परिणाम टिकतो किंवा कसे, हे पुढील संशोधकाने तपासावे.' आई! हेच! वर्षभराचंच तर मी करते! कोणी केलं नाही पुढचं?

वच्छला : मी पुष्कळ वाट पाहिली. कोणी आलं नाही. मग तू आलीस, अन्नशास्त्र शिकलेली. म्हणून डबा तुझ्यासमोर ठेवला.

नंदिनी : तो डबा तुम्ही मुद्दाम ठेवला होता?

वच्छला : नाहीतर नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात कोणी चटणी दाखवते का? दागिने दाखवतात.

चंपतराव : अन् मले वाटलं दागिने दाखवायले विसरली!

नंदिनी : सरांना आता मीच फोन करते! थांबा, आधी नावं दुरुस्त करू. आई, आडनाव काय टाकू? एका ठिकाणी ठवकर आणि एका ठिकाणी भोयर टाकलं तर हे तुम्हाला दोन माणसं समजेल.

वच्छला : समजू दे. दोघींनीही काम केलं आहे. फक्त वच्छला पूर्ण लिही. अक्षर नको.

नंदिनी : हे घ्या. ठवकर, वच्छला. भोयर, वच्छला. भोयर, वच्छला. सेव्ह!

चंपतराव : अन् मी कुठी गेलो?

नंदिनी : पुसल्या गेले बाबा.

चंपतराव : सासराही?

नंदिनी : तेही.

चंपतराव : चला, सोबत हाये. पण वच्छला, ब्याऐंशीपासून तू हे करून राहिली... अन् मी पहिला घास खाऊन फक्त मस्त म्हणत राहिलो?

वच्छला : मोजमाप म्हणून ते चांगलं होतं. चहा थंड होते तुमचा.

चंपतराव : होऊ दे. मोबाईल दे माझा इकडे. हॅलो, आनंदराव? मशीन थांबव गा. छापून झाला? मंग दुसरा छाप, पैसे मी देतो. फोटो काढून टाक माझा, चष्म्याचाही नोको. शास्त्रज्ञ? हाये ना, घरीच हाये. मले चहा देऊन राहिली. हो, तीच. नाव लिहून घे. वच्छला. हो, मोठ्या अक्षरात. नाही गा आनंदराव... पुढं माझं नाव नोको लावू.